घरातील मोठा पडदा आणि माध्यम-संगणक : सुज्ञ निवडीचा विचार

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की हुबळीच्या कोप्पीकर रस्त्यावर आणि धारवाडच्या सुभाष रस्त्यावर खरेदीची झुंबड उडते. भांडीकुंडी आणि कापडचोपड यांच्या जोडीने आता मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संचही घराघरांच्या यादीत येऊन बसला आहे. दुकानाच्या भिंतीवर दहा-पंधरा पडदे एकाच वेळी झगमगत असतात. पोपटांचे पंख, समुद्राच्या लाटा, फळांच्या फोडी अशी खास प्रदर्शनासाठी चित्रित केलेली दृश्ये त्यांवर चाललेली असतात. ग्राहक तीन फुटांवर उभा राहून पाहतो, जो पडदा अधिक झळाळतो त्यावर बोट ठेवतो, हप्ते ठरवतो आणि संच घरी आणतो.

घरी आल्यावर मात्र तोच पडदा परका वाटू लागतो. खिडकीतील उजेड त्यावर आरशासारखा उमटतो. मुलीच्या लग्नाची जुनी ध्वनिचित्रफीत लावली तर सारे चेहरे आडवे ताणलेले दिसतात. मुलाने घरचा संगणक जोडला तर पडद्याच्या कडेवरील अक्षरे कापली जातात. तंबोऱ्याचा स्वर डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. अशा वेळी घरातील माणसे संचाला दोष देतात. पुष्कळदा दोष संचाचा नसून निवडीच्या पद्धतीचा असतो.

आजच्या विवेचनाचे सार एकच आहे. संचाची निवड दुकानात सुरू होत नाही, ती घरात सुरू होते. कोण पाहणार, किती अंतरावरून पाहणार, काय पाहणार आणि ते चित्र कोठून येणार, या चार प्रश्नांची उत्तरे घरी बसून काढलेला ग्राहक दुकानात फसत नाही. घरातील शिल्लक असो वा शाळेचा आणि ग्रामपंचायतीचा निधी असो, तो कष्टाने जमलेला असतो आणि एकदा चुकीच्या वस्तूत गुंतला की पाच-सात वर्षे परत हाती येत नाही.

हुबळी-धारवाडचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या या भागातील अनेक घरांत आजही घरात मराठी आणि दारात कन्नड चालते. सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांच्या गायनाची ही भूमी. धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि त्याने दोन पिढ्यांचे कान घडविले. ज्या घरांत बैठकींच्या कॅसेटी, नाटकांच्या फिती आणि घरगुती समारंभांची चित्रणे जपून ठेवलेली आहेत, त्या घरांत दूरचित्रवाणी संच हे केवळ करमणुकीचे साधन उरत नाही. ते त्या घराच्या स्मृतींचे दालन होते. म्हणून निवडही त्या योग्यतेने व्हावयास हवी.

शेजारच्या जिल्ह्यातील जुना धडा

संच निवडण्याचा विचार नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा देशव्यापी प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. त्या वेळचा विजापूर जिल्हा म्हणजे धारवाड जिल्ह्याचा सख्खा शेजारी. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास प्रौढांसाठी कार्यक्रम होत. शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत ठेवलेल्या एका संचासमोर सारा गाव जमे.

त्या व्यवस्थेतील दोन गोष्टी आजही ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी, संकेताचे रूपांतर करणारी पेटी आणि चित्र दाखविणारा संच हे भाग स्वतंत्र होते. एक बिघडला तर तेवढाच दुरुस्त करता येई. दुसरी गोष्ट अशी की, वर्ष संपताच उपग्रह परत गेला आणि संच जागेवर असूनही पडद्यावर दाखवावयास काही उरले नाही. गुलबर्ग्याला १९७७ मध्ये जमिनीवरील प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा त्या परिसरातील संचांना पुन्हा आधार मिळाला. पडद्याचे मोल त्याला मिळणाऱ्या चित्रावर ठरते, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

माध्यम-संगणक म्हणजे काय?

घरचा माध्यम-संगणक म्हणजे दूरचित्रवाणी संचाला कायम जोडून ठेवलेला लहानसा संगणक. घरातील छायाचित्रे, गाणी, ध्वनिचित्रफिती आणि मुलांचे धडे त्यात साठविलेले असतात आणि ते रिमोटने किंवा बिनतारी कळफलकाने पडद्यावर आणता येतात. याकरिता महागडे यंत्र लागत नाही. २०१२ पासून मिळू लागलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर, किंवा घरातील जुन्या लॅपटॉपवरही, हे काम होऊ शकते. कोडी ही या कामासाठीची आज्ञावली विनामूल्य मिळते. २०१४ पर्यंत ती एक्सबीएमसी या नावाने ओळखली जात असे.

आजचे बहुतेक संच स्वतःच ‘स्मार्ट’ असताना वेगळा संगणक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वयाच्या हिशेबात आहे. चांगला पडदा दहा वर्षे टिकू शकतो, परंतु संचात बसविलेल्या आज्ञावलीकडे निर्मात्याचे लक्ष बहुधा तेवढी वर्षे राहत नाही. काही वर्षांनी नवी ॲप चालेनाशी होतात आणि धडधाकट पडदा म्हातारा ठरतो. संगणक वेगळा असेल तर तेवढाच बदलता येतो. शिवाय घरच्या जुन्या फिती संच बदलला तरी आपल्याच हाती राहतात.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. पैसे भरून पाहावयाच्या काही सेवा साध्या संगणकाला पूर्ण स्पष्टतेचे चित्र देत नाहीत. नक्कल होऊ नये म्हणून त्यांनी घातलेले ते बंधन असते. ज्या घरात अशा सेवा अधिक पाहिल्या जातात, त्या घराने संचातील ॲपचाही विचार करावा. माध्यम-संगणकाचा खरा उपयोग घरचा संग्रह, शैक्षणिक साहित्य आणि विनामूल्य उपलब्ध असलेले कार्यक्रम यांसाठी आहे.

अंतर आणि आकार

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात. ४३ इंची पडदा म्हणजे १०९ सेंटिमीटर, ५५ इंची म्हणजे १४० आणि ६५ इंची म्हणजे १६५ सेंटिमीटर. आकार ठरविण्याचा साधा नियम असा की, बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर या तिरप्या मापाच्या दीडपटीहून थोडे अधिक ते अडीचपट एवढे असावे. त्याहून जवळ बसल्यास मान आणि डोळे सारखे फिरवावे लागतात. त्याहून दूर बसल्यास मोठ्या पडद्याचा लाभ उरत नाही.

बैठकीच्या खोलीत आरामखुर्ची पडद्यापासून सात फुटांवर असेल तर ४३ इंची संच पुरेसा होतो. नऊ-दहा फूट अंतर असेल तर ५५ इंची संच योग्य ठरतो. अकरा-बारा फुटांवर बसणाऱ्यांनी ६५ इंचीचा विचार करावा. दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टीने हे अंतर मोजावे आणि कागदावर लिहून घ्यावे. मग जुन्या वर्तमानपत्राची पाने भिंतीवर चिकटवून पडद्याएवढा आयत करावा. ५५ इंची पडद्यासाठी तो चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच लागेल. दोन दिवस तो तसाच राहू द्यावा. घरातील ज्येष्ठांना आणि मुलांना नेहमीच्या जागी बसवून तो पाहावयास सांगावा. या कामाला दमडी लागत नाही आणि पुष्कळ चुका टळतात.

संच किती उंचीवर लावावा याचाही निर्णय याच वेळी व्हावा. बसलेल्या माणसाची नजर पडद्याच्या मध्यभागाच्या आसपास असावी. देवाच्या तसबिरीसारखा संच वर टांगला तर तासाभरात मान दुखू लागते. जमिनीवर चटई टाकून बसण्याची पद्धत असलेल्या घरात तर ही काळजी अधिक घ्यावी.

चित्रबिंदूंचा हिशेब

पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात ६२५ रेषा असत आणि त्यांतील ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे. उच्च सुस्पष्टतेच्या पहिल्या पायरीत १,२८० गुणिले ७२० बिंदू असतात, म्हणजे सुमारे ९ लाख. ‘फुल एचडी’ म्हणजे १,९२० गुणिले १,०८०, अर्थात २० लाखांहून अधिक. ‘फोर-के’ म्हणजे ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८० लाखांहून अधिक बिंदू. आकडा वाढला की चित्र तेवढ्याच पटीने चांगले दिसेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही, कारण मधे माणसाचा डोळा असतो.

निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक भेद ओळखतो. या हिशेबाने फुल एचडी संचाचे बिंदू पडद्याच्या तिरप्या मापाच्या सुमारे १.६ पट अंतरापलीकडे वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची पडद्याच्या बाबतीत हे अंतर पावणेसहा फूट, ५५ इंचीच्या बाबतीत सव्वासात फूट आणि ६५ इंचीच्या बाबतीत पावणेनऊ फूट येते. याचा अर्थ असा की, ५५ इंची पडद्यासमोर दहा फुटांवर बसणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-के यांतील बिंदूंचा फरक बहुधा कळणारच नाही. फोर-केचा पूर्ण लाभ घ्यावयाचा तर त्याच पडद्यासमोर साडेतीन-पावणेचार फुटांवर बसावे लागेल.

मोठ्या आकारांत आता बहुतेक संच फोर-केच मिळतात, म्हणून ते टाळण्याचे कारण नाही. फुल एचडी चित्राचा प्रत्येक बिंदू फोर-के पडद्यावर नेमक्या चार बिंदूंत बसतो, त्यामुळे जुळणीही नीट होते. परंतु केवळ मोठ्या आकड्यासाठी जादा रक्कम मोजू नये. तीच रक्कम काळ्या रंगाची खोली, बाजूने दिसणारे चित्र आणि आवाज यांवर खर्च केल्यास अधिक सत्कारणी लागते.

संगणक जोडताना पाहावयाच्या गोष्टी

दूरचित्रवाणी संच आणि संगणक यांची घडण वेगवेगळ्या परंपरांतून झाली, म्हणून त्यांची सोयरीक जुळविताना चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट कडांची. जुन्या काळी चित्राच्या कडा अस्थिर असत. त्या झाकण्यासाठी संच चित्र किंचित मोठे करून कडा कापीत असे. ही सवय अनेक नव्या संचांतही उरली आहे. कार्यक्रम पाहताना ते जाणवत नाही, पण संगणकाच्या पडद्यावर तळाची पट्टी आणि कडेची अक्षरे नाहीशी होतात. संचाच्या मांडणीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘पीसी’ अशा नावाचा पर्याय असतो. तो निवडला की बिंदूला बिंदू जुळतो. असा पर्याय आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. काही संच रंगांची माहिती संक्षिप्त करून दाखवितात. चित्रपटात त्याने बिघडत नाही, परंतु रंगीत पार्श्वभूमीवरील बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. देवनागरीतील अनुस्वार आणि रफार, तसेच कन्नडमधील अक्षराखाली लिहिली जाणारी जोडाक्षरे यांवर हा परिणाम लवकर दिसतो. मराठी आणि कन्नड मजकुराचे एक पान पडद्यावर आणून बसण्याच्या अंतरावरून वाचून पाहावे. दोन्ही लिप्या स्वच्छ वाचता आल्या तर संच या कसोटीला उतरला. फोर-के पडद्यावर अक्षरे फार लहान दिसतात, तेव्हा संगणकात त्यांचा आकार दुप्पट करून घ्यावा.

तिसरी गोष्ट जोडणीची. एचडीएमआय या एकाच केबलमधून चित्र आणि ध्वनी दोन्ही जातात. जुन्या १.४ आवृत्तीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठविता येते, त्यामुळे पडद्यावरील बाण अडखळत सरकतो. २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीतून ते ६० वेळा जाते. संगणक, संच आणि केबल या तिन्ही गोष्टी त्या क्षमतेच्या हव्यात. एक जरी मागे असली तरी बाकीच्या दोन तिच्याच चालीने चालतात. पुष्कळ संचांच्या सर्वच जोडण्या एकसारख्या नसतात, म्हणून कोणती जोडणी कोणत्या क्षमतेची आहे हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

चौथी गोष्ट चालीची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी घेतलेला असतो. भारतीय दूरचित्रवाणीची परंपरा ५० ची आणि अमेरिकेची ६० ची आहे. संगणक साधारणपणे ६० च्या गतीने चित्र पाठवितो. २४ हे ६० मध्ये समभागाने बसत नाहीत. म्हणून सावकाश सरकणाऱ्या दृश्यात हिसके जाणवतात. ज्या संचाला २४, ५० आणि ६० या तिन्ही गती मान्य आहेत आणि ज्या संगणकात कार्यक्रमाप्रमाणे गती बदलण्याची सोय आहे, त्यांची जोडी उत्तम. कोडीमध्ये ही सोय आहे.

प्रकाश, कोन आणि पडद्याची जात

पडद्याच्या जातींची नावे ऐकून गोंधळण्याचे कारण नाही. मागून प्रकाश पुरविणाऱ्या एलईडी संचांत मुख्यतः दोन घडणी आढळतात. आयपीएस घडणीचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग टिकवून ठेवतो, पण अंधाऱ्या दृश्यातील काळा रंग थोडा राखी दिसतो. व्हीए घडणीत काळा रंग गहिरा असतो, पण बाजूला बसणाऱ्याला चेहरे फिके दिसतात. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, त्यामुळे काळा रंग खरा काळा आणि कोनही मोठा. पण किंमत अधिक, आणि संगणकाची तळपट्टी किंवा वाहिनीचे बोधचिन्ह यांसारखे स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटण्याचा धोका असतो.

निवड कुटुंबाच्या बैठकीवरून करावी. पाहुण्यारावळ्यांसह सारे घर भिंतीच्या कडेकडेने बसत असेल तर रुंद कोन महत्त्वाचा. रात्री दिवे मंद करून दोघे-तिघेच समोर बसत असतील तर गहिरा काळा रंग महत्त्वाचा. विक्रेत्याला घडणीचे नाव सांगता आले नाही, तरी ग्राहकाने पडद्याच्या बाजूला तिरपे उभे राहून माणसाचा चेहरा पाहावा. चेहरा फिका पडला की उत्तर मिळाले. पडदा खिडकीसमोर लावू नये. नाइलाज असेल तर कमी चकाकणारा पडदा घ्यावा.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

पडदे जसे पातळ होत गेले तसे त्यांतील ध्वनिक्षेपकांना जागाच उरली नाही. बातम्यांना तो आवाज पुरतो, गाण्याला नाही. ज्या घरात ख्याल आणि नाट्यगीते ऐकली जातात, त्या घराने अंदाजपत्रकातील पाचवा-सहावा हिस्सा ध्वनीसाठी बाजूला ठेवावा आणि त्यासाठी पडदा एका आकाराने लहान घ्यावा लागला तरी घ्यावा. कसोटी सोपी आहे. तंबोऱ्याचा खर्ज आणि तबल्यातील बायाची घुमक ऐकावी. घुमक न ऐकता नुसती टकटक ऐकू आली तर वेगळा ध्वनिक्षेपक आवश्यक समजावा. ओठ आणि आवाज यांत अंतर पडत असेल तर ते कमी-जास्त करण्याची सोय माध्यम-संगणकात असते.

जुन्या फितींचा प्रश्न

१९८० नंतर घरोघरी आलेल्या व्हीएचएस फितींवरील चित्राची स्पष्टता आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांची होती. असे चित्र ५५ इंची पडद्यावर मोठे होते, स्पष्ट होत नाही. त्यामुळे ते पाहून निराश होऊ नये आणि ‘सुधारणा’ करणारे सगळे पर्याय चालूही करू नयेत. त्यांनी चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे होतात. जुने चित्र चारास तीन या प्रमाणाचे असते आणि नवा पडदा सोळास नऊ. म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. ५५ इंची पडद्यावर प्रत्येक पट्टी सुमारे १५ सेंटिमीटरची येते. ती जागा वाया गेली असे मानू नये. आजीचा चेहरा जसा होता तसा दिसावा, याचे मोल त्या पट्ट्यांहून मोठे आहे.

याहून तातडीची बाब म्हणजे खुद्द फितींची. दमट हवेत चुंबकीय फितींना बुरशी धरते, लेप सुटतो, आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. नवा संच एक वर्ष उशिरा घेतला तरी चालेल. फितींचे संगणकीय प्रतीत रूपांतर मात्र लांबणीवर टाकू नये. प्रत दोन ठिकाणी ठेवावी. एक संगणकात आणि दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी. एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच.

वीज, पावती आणि हक्क

चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस विजांसह येतो, तेव्हा संचाची विजेची आणि थाळीची अशा दोन्ही जोडण्या काढून ठेवाव्यात. भूमिजोडणी नीट आहे याची खात्री परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. वीज अचानक गेल्यास संगणकातील साठा बिघडू शकतो, म्हणून लहानसा यूपीएस जोडावा. १०० वॉटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट वीज लागते. संचावरील तारांकित ऊर्जापट्टीवर वर्षाचा वीजवापर दिलेला असतो. दोन संचांची तुलना त्यावरून करावी. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांकही पाहावा.

३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. पावतीवर हा दर तपासून घ्यावा. पावती, हमीपत्र आणि संचाचा अनुक्रमांक एकत्र ठेवावेत. तक्रार उद्भवल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर ती नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडेही दाद मागता येते.

शाळा आणि वाचनालये

सार्वजनिक निधीतून संच घेताना जबाबदारी दुणावते. वर्गात पडद्यावरील मजकूर वाचावयाचा असतो, म्हणून तेथे घरचा नियम लागू नाही. शेवटच्या बाकावरील विद्यार्थी पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून दूर नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ६५ इंची पडद्याची उंची ८१ सेंटिमीटर, म्हणजे शेवटचे बाक सोळा फुटांच्या आत हवे. वर्ग पंचवीस फूट लांब असेल तर मागील बाकांवरच्या मुलांना तो संच केवळ शोभेचा ठरेल. अशा वेळी प्रक्षेपक घ्यावा, अथवा मुलांना पुढे बसवून दोन तुकड्यांत धडा दाखवावा. मागणीपत्रकात नुसते ‘मोठा संच’ असे न लिहिता वर्गाची लांबी, बाकांची मांडणी, खिडक्यांची दिशा आणि जोडावयाच्या संगणकाची क्षमता नमूद करावी.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचावर आणि स्वयंप्रभा वाहिन्यांवर अभ्यासक्रमाचे साहित्य विनामूल्य मिळते. जेथे इंटरनेट सतत मिळत नाही, तेथे जे साहित्य उतरवून घेण्याची मुभा आहे ते शिक्षकांनी आधीच माध्यम-संगणकात साठवून ठेवावे. १९७६ साली उपग्रह गेला आणि पडदे मुके झाले. आज साठा आपल्या हाती ठेवण्याची सोय आहे. तिचा उपयोग न करणे परवडणारे नाही.

एका घराचा निर्णय

समजा, धारवाडमधील एका निवृत्त शिक्षकाच्या घरी हा विचार चालला आहे. बैठकीची खोली बारा फूट लांब, आरामखुर्ची नऊ फुटांवर, दोन्ही बाजूंना बसणारी नातवंडे, पश्चिमेला खिडकी, कपाटात चाळीस फिती आणि मनात ६५ इंची फोर-के संचाची इच्छा. मोजणीअंती असे दिसते की, ५५ इंची संच पुरेसा आहे, बाजूला बसणाऱ्यांसाठी रुंद कोनाचा पडदा हवा, आणि आकार कमी केल्याने वाचलेल्या रकमेत ध्वनिक्षेपक, छोटा संगणक, यूपीएस आणि फितींचे रूपांतर यांतील बराचसा खर्च भागतो. दुकानात जाताना ते घरचा लॅपटॉप, एचडीएमआय केबल, मराठी-कन्नड मजकुराचे एक पान, एक जुनी चित्रफीत आणि एक अंधारे दृश्य बरोबर नेतात. संच ‘दुकान’ मांडणीतून ‘घर’ मांडणीत आणावयास सांगतात आणि नऊ फूट मागे सरून पाहतात. अर्ध्या तासात निर्णय होतो, कारण खरा निर्णय घरी आधीच झालेला असतो.

श्रोतेहो, विज्ञानाने दिलेली साधने घरात यावीत, शाळेत यावीत, गावच्या वाचनालयात यावीत, यात दुमत नाही. परंतु साधन माणसाच्या मापाचे असावे. या दिवाळीत ज्यांच्या घरी मोठा पडदा यावयाचा आहे, त्यांनी पहिली खरेदी मोजपट्टीची करावी. ती घरात असेलच, तर आज सायंकाळी भिंतीपासून आरामखुर्चीपर्यंतचे अंतर मोजावे, कपाटातील फिती काढून त्यांची यादी करावी आणि मगच बाजाराची वाट धरावी.